मामंजींची उशी आणि बाबांची मान

माझे सासरे रोज सकाळी अंथरुणात उठून बसायचे आणि शिंकायला लागायचे. पहिली शिंक आली की थोडी उसंत मिळायची, मग दुसरी यायची, आणि तिच्या मागून बाकीच्या एकीला एक लागून. शेजारच्या काकू त्या आवाजावर चूल पेटवायच्या. त्यांच्याकडे भिंतीवरचं घड्याळ होतं, पण त्याला किल्ली द्यावी लागे. मामंजींना लागत नसे.

माझं लग्न होऊन तेव्हा चारेक वर्षं झाली असतील. मी दापोलीची, रत्नागिरीला दिलेली. घरात माणसं मोजकी. मामंजी, सासूबाई, माझे यजमान, मी आणि आमचा पाळण्यातला मुलगा. मामंजी कोर्टात शिरस्तेदार होते. ते कोर्टातून बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली होती, पण कोर्ट काही त्यांच्यातून बाहेर पडलं नव्हतं. आमटीत मीठ जास्त झालं तर म्हणायचे, "हरकत नोंदवतो." सासूबाई म्हणायच्या, "नोंदवा आणि जेवा." सासूबाई बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरच्याला पुढचं वाक्य सुचत नसे. माझे यजमान शाळेत शास्त्र शिकवायचे. वर्गात त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा म्हणे. घरात, वडिलांसमोर, तो ओठांपर्यंतसुद्धा नीट पोचत नसे.

आता उशीचं सांगते. मामंजींची उशी त्यांच्या नोकरीइतकी जुनी होती. आत कापूस होता असं आम्ही ऐकून होतो. हाताला लागायच्या त्या गाठी. मध्ये डोक्याच्या मापाचा खळगा आणि एक कोपरा बैलाच्या वशिंडासारखा वर आलेला. एकदा ती ओटीवरून खाली घरंगळली, तर पायरीशी झोपलेलं मांजर उठून गेलं आणि संध्याकाळपर्यंत आलं नाही. अभ्रा दर आठवड्याला धुतला जायचा, तेवढी सासूबाईंना परवानगी होती. पण उशीला पाणी लावायचं नाही, ती झटकायची नाही आणि उन्हात तर मुळीच घालायची नाही. "उन्हानं ती फुगते," मामंजी सांगायचे, "मग तिला पुन्हा वळण लावताना माझे चार महिने जातात."

यजमानांचे एक शाळासोबती मुंबईला शिकून डॉक्टर होऊन आले होते आणि गावात त्यांनी नुकताच दवाखाना काढला होता. एका रविवारी सकाळी लवकरच ते आमच्याकडे पोहे खायला आले, आणि आतून शिंका सुरू झाल्या. डॉक्टर हातातली बशी तशीच ठेवून उठले. आत जाऊन त्यांनी मामंजींची छाती तपासली, घसा पाहिला, नाकात पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्यांची नजर उशीवर गेली. त्यांनी ती एका हातानं उचलायला घेतली, मग दुसराही हात लावला, आणि तळव्यानं तिच्या पाठीवर एक थाप मारली.

कौलांत बसवलेल्या काचेतून उन्हाचा पट्टा बरोबर तिथं पडत होता. त्यात धुळीचा असा लोट उठला की पलीकडे उभे असलेले मामंजी क्षणभर दिसेनासे झाले. डॉक्टर स्वतःच शिंकले.

"काका, किती वर्षांची ही?"

"पहिल्या पगारातली."

"अहो, उशी दोन-तीन वर्षांनी बदलावी. डोक्याचं तेल, घाम, लाळ, सगळं आत मुरत जातं. आतल्या कापसाची पूड होते. रात्रभर तुमचं नाक त्या पुडीत असतं, मग सकाळी शिंका नाही तर काय येणार?"

मामंजींनी शांतपणे विचारलं, "उशी दोन-तीन वर्षांनी?"

"हो."

"आणि डोकं किती वर्षांनी बदलायचं?"

यजमान पोह्यांतलं खोबरं निवडत होते. ते त्यांनी फार मन लावून निवडायला घेतलं.

"डोकं धुता येतं, काका," डॉक्टर म्हणाले.

"ते मी रोज धुतो. मग त्या धुतलेल्या डोक्याखालची उशी मळेल कशी? तुमच्या म्हणण्याला पुरावा नाही. निकाल तहकूब. पोहे निवतायत."

डॉक्टर गेल्यावर मात्र मामंजी बराच वेळ झोपाळ्यावर गप्प बसून होते. मला वाटलं, उशीचा विचार करतायत. शेवटी ते सासूबाईंना म्हणाले, "मला लाळ गळते असं म्हणाला तो. सुनेसमोर."

"गळते," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी घेऊन आत आल्या.

स्वयंपाकघरात येऊन त्यांनी विळी मांडली आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "अगो, इतकी वर्षं मी म्हणत्ये, ती उशी टाका. ते बायकोचं बोलणं होतं. आता डॉक्टर म्हणाला, म्हणजे ते शास्त्र झालं. आता थांबायचं नाही."

आमच्या परसात एक काटेसावर होती. तिची बोंडं फुटली की सासूबाई कापूस जमवून, सरक्या काढून, गोणपाटात भरून माळ्यावर ठेवायच्या. तो आम्ही खाली काढला. सावरीचा कापूस ज्यानं हाताळला नाही त्याला सांगून कळणार नाही. तो हातात राहतच नाही. श्वास सोडला तरी उडतो. आम्ही दोघी माजघराची दारं-खिडक्या लावून, तोंडाला पदर बांधून बसलो होतो. सासूबाई मुठीनं कापूस घालत होत्या आणि मी खोळीचं तोंड धरून होते. निम्मी उशी भरली असेल, तेवढ्यात यजमानांनी बाहेरून दार उघडलं आणि "काय चाललंय?" म्हणून विचारलं. खाडीवरचा वारा त्यांच्या आधी आत आला. दार पुन्हा लागेपर्यंत सासूबाईंच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, देवघरातले देव दिसेनासे झाले होते आणि पाळण्यातलं पोर हवेतला कापूस धरायला हात नाचवत खिदळत होतं.

"बाहेर उभं राहून विचारता आलं नसतं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडातूनही थोडा कापूस बाहेर आला.

तरी उशी झाली. झाली म्हणजे काय, राजाच्या गादीवर शोभेल अशी झाली. दुसऱ्या दिवशी मामंजी वाचनालयात वर्तमानपत्रं वाचायला गेले तेव्हा सासूबाईंनी जुन्या उशीचा अभ्रा काढून नव्या उशीला घातला. जुनीचं काय करायचं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती त्यांनी एका कोऱ्या अभ्र्यात घालून पाहुण्यांच्या अंथरुणाच्या वळकटीत, मधोमध गुंडाळून ठेवली होती. टाकवली नव्हती त्यांना. टाका, टाका म्हणून इतकी वर्षं मागे लागलेली बाई, पण वेळ आली तेव्हा त्यांचाही हात धजला नाही.

दुपारी जेवण झाल्यावर मामंजी आडवे झाले आणि तसेच उठून बसले. उशीकडे पाहत त्यांनी विचारलं, "ही कोण?"

"उशी," सासूबाई म्हणाल्या.

"ते दिसतंय. माझी कुठे आहे?"

"पिंजायला दिल्ये."

हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. ऐन वेळी तोंडातून निघून गेलं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. पण मामंजींनी छत्री घेतली, वहाणा घातल्या आणि यजमानांना हाक मारली, "चल माझ्याबरोबर." भर दुपारी बापलेक बाजारापलीकडे पिंजाऱ्याच्या घरी गेले. तिथं काय झालं ते यजमानांनी मला रात्री आमच्या खोलीत, हसू दाबत सांगितलं.

पिंजारी जेवून जरा टेकला होता. दारात शिरस्तेदारसाहेब पाहून तो घाबरून उठला. त्याला वाटलं, कुठली तरी नोटीस आली. मामंजी म्हणाले, "आमच्या घरातून आलेली उशी दाखव." तो म्हणाला, "साहेब, तुमच्या घरची उशी आली असती तर ती लपून राहिली असती का?" तरी मामंजींचं समाधान होईना. त्यांनी त्याच्याकडचा सगळा कापूस बघायला मागितला. त्यानं एकेक गाठोडं पुढे केलं, आणि मामंजी खाली बसून प्रत्येकावर डोकं टेकवून, डोळे मिटून, "ही नव्हे" म्हणत गेले. तोपर्यंत दाराशी आसपासची माणसं जमली होती. एका म्हाताऱ्यानं यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना काय होतंय? दवा चालू आहे का?"

घरी येताच मामंजींनी सासूबाईंना बोलावलं. "पिंजाऱ्याकडे उशी नाही."

"मग ह्याच्याकडे नसेल दिली. मिरजोळ्याच्या पिंजाऱ्याकडे दिली असेल."

"मिरजोळ्याला पिंजारी कधीपासून आहे?"

"असेल आता एखादा."

सासूबाई तांदूळ निवडत राहिल्या. मामंजी म्हणाले, "साक्षीदार फितूर आहे," आणि रात्री "हरकत राखून झोपतो" असं सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगून त्या नव्या उशीवर आडवे झाले.

सकाळी शिंका आल्या नाहीत.

शेजारच्या काकू कुंपणाशी येऊन विचारून गेल्या, "बरं आहे ना सगळं? आज आमच्याकडे चहाला उशीर झाला." मी आणि सासूबाईंनी एकमेकींकडे पाहिलं. मला इतका आनंद झाला की दूध उतू गेलं. पण मामंजी लाल डोळ्यांनी ओटीवर आले आणि म्हणाले, "शिंकणार कसा? शिंकायला आधी झोप लागावी लागते. डोकं आत गेलं, ते अजून वर येतंय."

आणि त्याच दिवशी, कोणाला काही कळवलेलं नसताना, माझे वडील आले. बाबांचं रत्नागिरीच्या कोर्टात जमिनीच्या अपिलाचं काम होतं. हर्णैहून आगबोटीनं निघून ते बंदरावर उतरले आणि नातवासाठी लाकडी घोडा काखोटीला मारून चालत घरी आले. नातू होईपर्यंत लेकीच्या घरी अन्न घ्यायचं नाही अशी आमच्याकडे रीत होती, म्हणून ते पूर्वी कधी राहिले नव्हते. हा त्यांचा पहिलाच मुक्काम.

बाबांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. इतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा एका लग्नघरी वाढप्यानं त्यांच्या पानात श्रीखंड समजून विड्याचा चुना वाढला होता म्हणे, आणि बाबा "पुरे, पुरे, छान आहे" म्हणाले होते. आईनं पान ओढलं म्हणून वाचले. अशा माणसाचा मुलीच्या सासरी पहिला मुक्काम. पाणी हवं असलं तरी ते आधी विचारायचे, "आडावर गर्दी नाही ना?"

संध्याकाळी सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि मी स्वयंपाकात होते. माझ्या यजमानांना कधी नाही ती घरकामाची हुक्की आली. सासरे आलेत म्हणून त्यांनी स्वतः वळकटी काढली, ओटीशेजारच्या खोलीत अंथरूण घातलं, चादरीची टोकंसुद्धा दुमडली. वळकटीतून निघालेली उशी त्यांनी उशाशी ठेवली. जरा जड वाटली म्हणे, पण त्यांना वाटलं, पाहुण्यांची म्हणून चांगली भरलेली असेल.

जेवणं झाल्यावर दोघे व्याही त्या खोलीत बोलत बसले. मी पानाचं तबक घेऊन गेले, तर मामंजी बोलता बोलता मधेच थांबलेले. त्यांची नजर बाबांच्या मागे खिळली होती. अभ्रा नवा होता, पण तो वर आलेला कोपरा कुठल्या अभ्र्यानं झाकणार? त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं.

बाबा म्हणाले, "काय झालं, व्याहीबुवा?"

मामंजी म्हणाले, "काही नाही. उशी... ठीक आहे ना तुमची?"

"वा! उत्तम," बाबा म्हणाले, अजून डोकं टेकलंही नसताना.

मामंजी बाहेर आले. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं, पण सुनेशी असल्या विषयावर बोलणार कसं? ते झोपाळ्याशी उभे राहून खांबाला उद्देशून म्हणाले, "मालकी आमची आणि ताबा व्याह्यांचा. आता व्याह्याच्या डोक्याखालची उशी मागायची कशी?"

देवळातून आल्यावर सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या मटकन खाली बसल्या. मग पदर तोंडात धरून त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. नव्हत्या रडत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुण्यांच्या खोलीतून शिंका ऐकू आल्या. बाबांच्या शिंकाही बाबांसारख्याच होत्या, प्रत्येकीच्या मागे हळूच "माफ करा हं" असं यायचं. शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. "आल्या हो एकदाच्या शिंका! पण आज आवाज बारीक वाटतोय. घसा बसलाय का त्यांचा?"

बाबा खोलीतून बाहेर आले ते तिरके. मान डावीकडे वळून तिथंच राहिली होती. माझ्याशी बोलायचं तर त्यांना सबंध अंगानं वळायला लागत होतं. मी विचारलं, "बाबा, मानेला काय झालं?"

"काही नाही गो, बोटीतला वारा."

"झोप लागली ना?"

"अगदी. घट्ट उशी आहे. आपलेपणानं भरलेली."

त्या तिरक्या मानेनंच ते कोर्टात गेले. वकील उजवीकडे बसला होता आणि ते सगळा वेळ डावीकडे बघत होते. न्यायाधीशांना वाटलं असेल, पक्षकार रागावलाय. काम पुढे ढकललं गेलं आणि बाबांचा मुक्काम वाढला.

पुढचे दिवस फार विचित्र गेले. घरात दोन पुरुष होते, दोघांनाही झोप नव्हती आणि दोघेही एकमेकांच्या झोपेची चौकशी करत होते. मामंजी मऊ उशीत बुडत होते, बाबा घट्ट उशीवर मोडत होते. सकाळी चहाच्या वेळी मामंजी हावऱ्यासारखं बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघायचे. बाबा वाटेनं जाता-येता मामंजींच्या अंथरुणावरच्या त्या फुगीर पांढऱ्या उशीकडे बघायचे आणि उसासा सोडायचे. मी एका बाजूनं सून, दुसऱ्या बाजूनं लेक. सासऱ्यांना सांगायचं, तर वडिलांची भीड आड. वडिलांना सांगायचं, तर सासूबाईंची लबाडी उघडी पडायची. यजमानांना म्हटलं, "तुम्हीच काहीतरी बोला." ते म्हणाले, "परीक्षेचे पेपर तपासायचेत," आणि शाळेत निघून गेले.

सासूबाई मात्र रोज सकाळी कान देऊन शिंका ऐकायच्या. चौथ्या का पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "कळलं ना गो तुला? शिंका ह्यांच्या नव्हत्याच. उशीच्या होत्या. जो टेकेल त्याला येतात." डॉक्टरांचं सगळं म्हणणं आमच्या घरात बिनखर्चात सिद्ध झालं होतं, पण ते ज्यांना पटवायचं ते रागावून झोपाळ्यावर बसले होते आणि ज्यांना पटलं असतं ते माफी मागत शिंकत होते.

मग ती दुपार आली. चैत्राचं ऊन होतं. जेवणं उरकली होती आणि मी माजघरात पाळणा हलवत बसले होते. मला वाटलं, सगळे झोपलेत. एवढ्यात आतल्या खोलीचं दार हळूच उघडलं आणि मामंजी चोरपावलांनी बाहेर आले. त्यांच्या काखेत ती नवी उशी होती. त्याच क्षणी ओटीकडच्या दारातून बाबा आत आले, चोरपावलांनी, तिरक्या मानेनं, आणि त्यांच्या काखेत जुनी उशी. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरा बाहेर गेलाय. बाबांची मान डावीकडे असल्यामुळे त्यांना मामंजी दिसलेच नाहीत. दोघांची टक्कर पाळण्याशी झाली.

मी खाली मान घालून पाळण्याची दोरी ओढत राहिले. शेवटी मामंजी म्हणाले, "उन्हात घालावी म्हटलं."

"मीही तेच म्हटलं," बाबा लगेच म्हणाले. "ऊन चांगलं आहे."

"कडक आहे."

"उशांना फार चांगलं."

असं बोलल्यावर मग दुसरं काही करता येईना. दोघे एकामागून एक अंगणात गेले. मामंजींनी नवी उशी दगडी कट्ट्यावर ठेवली, बाबांनी तिच्या शेजारी जुनी ठेवली. आता आत यावं, तर दुसरा मागं राहून उशी बदलेल ही प्रत्येकाला धास्ती, आणि आपण एकट्यानं मागं राहिलो तर दिसेल कसं ही भीड. म्हणून दोघेही तिथंच बसले. डोक्यावर पंचे टाकून, दोन उशांच्या दोन बाजूंना, रणरणत्या उन्हात. जांभ्याचा कट्टा तव्यासारखा तापला होता, त्यामुळे ते मधूनमधून बूड बदलत होते. अंगणाच्या कडेची कोंबडीसुद्धा सावलीला गेली होती.

"यंदा आंबा कसा आहे दापोलीस?" मामंजींनी विचारलं.

"मोहोर बरा होता," बाबा म्हणाले आणि घाम पुसला.

शेजारच्या काकू खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं, काही व्रत आहे. त्यांनी मला खुणेनं विचारलं, "कसलं?" मी काय सांगणार?

एवढ्यात सासूबाई मागच्या दारानं ताकाचे दोन पेले घेऊन अंगणात आल्या. त्यांनी दोघांकडे पाहिलं. दोघांचे चेहरे कट्ट्याच्याच रंगाचे झाले होते. त्यांनी पेले हातात दिले आणि म्हणाल्या, "उन्हात उशा घालतात. व्याही घालत नाहीत. आत चला दोघेही."

दोघे मुकाट्यानं आत आले. उशा सासूबाईंनी चांगल्या उन्हं कलेपर्यंत बाहेरच ठेवल्या. जुनीला उभ्या जन्मात पहिल्यांदा ऊन लागलं. मी बघत होते, त्यांनी तिला काठीनं बडवलंही. धूळ इतकी निघाली की शेवटी त्या कंटाळल्या. संध्याकाळी दोन्ही उशा त्यांनीच आत आणल्या, आणि कोणाचं नाव न घेता जुनी मामंजींच्या अंथरुणावर ठेवली, नवी बाबांच्या. मामंजी जेवायच्या आधीच एकदा आत जाऊन डोकं टेकवून आले. जेवताना त्यांनी आमटी दोनदा मागितली आणि कुठलीही हरकत नोंदवली नाही.

बाबा दुसऱ्या दिवशी उशिरा उठले. मान समोर होती. त्यांनी मला हाक मारून नुसतंच उजवीकडे बघून दाखवलं, मग डावीकडे. मला इतकं हसू आलं, आणि मग एकदम डोळ्यांत पाणीही आलं. इतके दिवस तो माणूस माझ्या सासरी कोणाला अवघड वाटू नये म्हणून दगडावर झोपला होता. मामंजी आतून दणदणीत शिंकले. शेजारी चूल पेटली. चारेक दिवसांनी बाबांचं काम झालं आणि ते आगबोटीनं परत गेले. निघताना सासूबाईंनी ती सावरीची उशी त्यांच्याबरोबर बांधून दिली. त्यांनी "नको, नको" म्हटलं, पण पहिल्यांदाच जरा हलक्या आवाजात.

मला वाटलं, संपलं. मामंजी जिंकले. पण सासूबाईंनी इतकी वर्षं काही उगाच वाट पाहिली नव्हती. एक दिवस मामंजी वाचनालयात गेल्यावर त्यांनी मला माजघरात बोलावलं. जुनी उशी त्यांच्या मांडीवर होती आणि शेजारी पिंजाऱ्याकडून आणलेला साधा, स्वच्छ कापूस.

"सगळी एकदम बदलली म्हणून त्यांना कळलं," त्या म्हणाल्या. "सगळी बदलायचीच नाही. मूठभर काढायचा, मूठभर घालायचा. सावर नको, साधाच, चेपून चेपून. तो कोपरा शेवटी."

शिवणीचे चार टाके उसवून त्यांनी आतून एक गाठ काढली. ती काळी होती, आणि बोटानं दाबताच तिची भुकटी झाली. तिच्या जागी नवा कापूस इतका दाबून भरला की हाताला फरक कळेना. मग मला सुई देऊन म्हणाल्या, "तू शिव. तुझे टाके बारीक. माझे त्यांना ओळखू येतात."

त्या दुपारपासून आम्हा दोघींची दोस्ती झाली. तोवर मी त्यांना भिऊन होते. महिन्या-दोन महिन्यांतून आमचा हा कार्यक्रम व्हायचा. दार लावून, कान रस्त्याकडे ठेवून. त्या मला त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, मी दापोलीच्या. एकदा मामंजी अर्ध्यातून परत आले तेव्हा मी उशी पाळण्यात घालून तिच्यावर दुपटं टाकलं. मामंजी पाळण्यापाशी येऊन म्हणाले, "झोपलाय वाटतं," आणि हलकेच झोका देऊन गेले. मुलगा त्या वेळी परसात चिखल खात होता.

वर्ष-दीड वर्षात शिंका कमी कमी होत गेल्या. आधी रांग तुटली, मग एखाददुसरीच राहिली, आणि एका पावसाळ्यात त्या गेल्याच. शेवटी तो कोपराही आम्ही नव्या कापसाचा, हुबेहूब तस्साच उंच करून बसवला. जुन्या उशीतला धागाही उरला नाही. खोळसुद्धा सासूबाईंनी तशाच रेघांच्या कापडाची शिवून घेतली आणि चहाच्या पाण्यात बुचकळून जुनी केली.

मामंजी ज्याला त्याला सांगू लागले. "डॉक्टर म्हणाला, उशी बदला. मी बदलली नाही. शिंका आपोआप गेल्या. जुनी उशी मुरली की औषधी होते, हे त्या मुंबईवाल्यांना काय माहीत?" घरी येणाऱ्याला ते उशी आणून दाखवायचे. "हात लावून बघा. पहिल्या पगारातली आहे." आम्ही दोघी आत माना खाली घालून वाटाणे सोलत बसायचो.

मग एका संध्याकाळी ते मांडवीच्या किनाऱ्यावरून फिरून फार खुशीत घरी आले. त्यांच्याबरोबर फिरायला एक निवृत्त मामलेदार असायचे. त्यांनाही सकाळी शिंकांचा त्रास होता. मामंजींचं ऐकून त्यांनी नवी उशी मुलाला देऊन टाकली होती आणि माळ्यावरची त्यांच्या वडिलांच्या वेळची उशी खाली काढली होती.

"मग? बरं वाटतंय का त्यांना?" सासूबाईंनी विचारलं.

"छे. शिंका दुप्पट झाल्यात. रात्री दमही लागतो. पण मी म्हटलं, धीर धरा. गुण यायला वेळ लागतो."

मामंजी हातपाय धुवायला मागीलदारी गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"उद्या मामलेदारांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलाव," त्या म्हणाल्या. "आणि म्हणावं, येताना बारीक सुई घेऊन या."